खारूचा पुढचा दात

खारूने हसणं बंद केलं, तेव्हा बाबाला आधी वाटलं की तिचं तोंड आलं असेल.

त्याला दुसरं काय सुचणार? त्याचा धंदाच तोंडाचा. तो कवळ्या बनवायचा. घराची पुढची खोली हेच त्याचं कामाचं ठिकाण. टेबलावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, कवळी घासायचं छोटं मशीन आणि खणांच्या डब्यात पिवळटपासून पांढऱ्यापर्यंत रंगाप्रमाणे लावलेले सुटे दात. दातांची डॉक्टरीण माप घेऊन पाठवायची, बाबा कवळी करून परत पाठवायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, दात डॉक्टरणीने केले. बाबाची त्याला हरकत नव्हती. कवळी टोचली तर बोलणीही तिलाच खावी लागायची.

खारू चौदा वर्षांची. नाव आईने ठेवलेलं. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आले ते चांगले दणदणीत आले, आणि त्यातला डावा उजव्यावर किंचित चढून बसला. बाकावर जागा नसली की माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर जरा टेकतो ना, तसा. आई म्हणाली, "ही तर खार झाली!" तेव्हापासून घरात, गल्लीत, शाळेत ती खारूच. तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेंगदाणा दिसला की दोन्ही हातांत धरून कुरतडून दाखवायची.

आई जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. घरात दोघंच.

आणि आता त्या दोघांतलं एक हसेना. हसायची वेळ आली की खारू ओठ घट्ट मिटायची आणि नाकातून फुस्स करायची, सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखी. जेवताना तोंडापुढे हात. फोनवर स्वतःचे फोटो काढताना तोंडापुढे कधी वही, कधी उशी, एकदा तर चहाची गाळणी.

"तोंड आलंय का गं?" बाबाने विचारलं.

"नाही."

"दाढ?"

"बाबा, प्लीज."

मग एका संध्याकाळी ती आपणहून त्याच्या टेबलाशी आली आणि फोन पुढे धरला. "हे बघ."

बाबाने हात पुसून चष्मा लावला. फोटोत एक मुलगी होती. गाल गुळगुळीत, नाक पेन्सिलीला टोक काढल्यासारखं, डोळे कपाएवढे आणि दात एका ओळीत, एका मापाचे, पांढरेफेक.

"छान आहे," बाबा म्हणाला. "कुणाची ही?"

खारू वळली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बाबाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं, "आजपासून मला खारू म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"काहीच नाही."

बाबाने चहा गाळला आणि हाक मारली, "अगं ए काहीच नाही, चहा घे!"

विनोद पडला. चहाही तसाच पडून राहिला.

खरा प्रकार बाबाला कळला तो शाळेतल्या नाटकाच्या बाईंचा फोन आला तेव्हा. शनिवारी शाळेचं नाटक होतं. त्यात खारू राक्षसीण. राक्षसीण अशी काही हसते की राजाच्या डोक्यावरचा मुकुट खाली पडतो, असा प्रसंग. बाईंनी खारूला घेतलं होतं ते त्या हसण्यासाठीच. ती हसायची ती पोटातून. एकेक पायरी धडधडत उतरावी तसं ते हसू यायचं आणि शेवटच्या पायरीवर तिलाच धाप लागायची.

"तुमची मुलगी तोंड मिटून हसतेय हो," बाई म्हणाल्या. "राजा बिचारा मुकुट पाडायला तयार उभा, आणि ही फुस्स करते. काल त्याने कंटाळून तो हातानेच काढून ठेवला."

"पण झालंय काय?"

"कुणीतरी तालमीचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्या कुणीतरी तो मध्येच थांबवून त्यातलं एक चित्र उचललं. तोंड आ वासलेलं, पुढचे दात बाहेर, आणि शेजारी खारीचा फोटो चिकटवला. मी ते काढायला लावलं, पण तोवर सगळ्या शाळेच्या फोनमध्ये पोचलं होतं. शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर मला दुसरी राक्षसीण शोधावी लागेल."

बाबाला नाटकाचं तसं काही नव्हतं. दुसरी राक्षसीण मिळाली असती. पण आई गेल्यापासून या घरात मोठ्याने होणारी अशी एकच गोष्ट उरली होती, मिक्सर सोडला तर. ती परत यायला हवी होती.

त्याने बहिणीला फोन लावला. मोठी बहीण. तिच्याकडे सगळ्यावर उपाय असायचा आणि तो नेहमी पहिल्या वाक्यातच यायचा.

"फोन काढून घे," ताई म्हणाली. "आपल्या वेळी होती का ही थेरं?"

"ताई, आपल्या वेळी तू केस सरळ करायला त्यावरून कपड्यांची इस्त्री फिरवली होतीस. घरभर वास सुटला होता."

"तो विषय वेगळा आहे. तू फोन काढून घे."

बाबाने घेतला. खारू अंघोळीला गेली असताना फोन उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि प्लास्टरच्या पोत्यात खोल पुरला. ती सगळं घर शोधेल पण पोत्यात हात घालणार नाही, असा त्याचा हिशेब. आणि मोठ्या शांतपणे तो कामाला बसला.

तेवढ्यात बँडमास्तर आले. हे गल्लीच्या टोकाला राहणारे. सगळा जन्म बँडमध्ये ट्रम्पेट वाजवण्यात गेला, आणि आता वरचे सगळे दात गेले होते. गिऱ्हाइकाने कवळीसाठी डॉक्टरणीकडे जायचं, ही रीत. पण मास्तर रोज बाबाकडे येऊन कवळी कुठवर आली ते बघायचे, शिंप्याकडे सदरा बघायला यावं तसे. नाटकात राक्षसिणीच्या एंट्रीला ट्रम्पेट वाजवायला शाळेने त्यांना बोलावलं होतं, आणि दातांशिवाय ट्रम्पेट वाजत नव्हतं.

"शनिवार चुकवू नकोस रे बाबा," मास्तर म्हणाले. "बिनदातांनी फुंकलं तर वासरू हंबरतं."

"परवा घेऊन जा. होतच आलीय."

तेवढ्यात पोतं गाऊ लागलं.

मास्तरांनी पोत्याकडे बघितलं. मग बाबाकडे. बाबा एक जबडा उचलून फारच बारकाईने बघायला लागला.

"पोतं वाजतंय," मास्तर म्हणाले.

"हो का?"

"चांगलं वाजतंय. सुरात आहे."

आतलं दार उघडलं. केसांना टॉवेल गुंडाळलेली खारू दारात उभी. तिने पोत्याकडे बघितलं, बाबाकडे बघितलं, काहीही न बोलता कोपरापर्यंत हात घालून फोन काढला आणि पांढऱ्या पावलांचे ठसे उठवत परत गेली.

"माझं चुकलं," बाबा म्हणाला.

"पिशवीत बांधलास हे बरं केलंस," मास्तर म्हणाले. "नाहीतर आत पूड जाऊन त्याची कवळी झाली असती."

पुढे दोन दिवस घरात बोलणं नाही. खारू भिंतीला ऐकवावं तसं बोलायची. "कुणाला तरी दूध संपलंय हे कळलं तर बरं होईल." बाबाही भिंतीलाच सांगायचा, "कुणीतरी आणलंय."

गुरुवारी बाबा डॉक्टरणीकडे काम पोचवून परत आला तर आतून घासायच्या मशीनचा आवाज येत होता. त्याच्याशिवाय ते मशीन कुणी चालवत नसे. त्याच्या हातातली पिशवी दारातच पडली.

खारू त्याच्या स्टुलावर बसली होती. समोर आरसा टेकवलेला, शेजारी फोन, आणि फोनमध्ये एक हसरी बाई सांगत होती की घरच्या घरी दात सरळ करणं किती सोपं आहे. खारूच्या एका हातात मशीनची गरगर फिरणारी पिन. दुसऱ्या हाताने तिने वरचा ओठ उचलून धरला होता.

बाबा ओरडला नाही. ओरडला असता तर तिचा हात हलला असता. त्याने भिंतीशी जाऊन प्लग काढला. पिन फिरता फिरता थांबली.

"लावलंस?" त्याने विचारलं.

"नाही अजून. आधी सराव केला."

"कशावर?"

तिने टेबलाकडे बोट दाखवलं. पाण्याच्या वाडग्यात बँडमास्तरांची तयार कवळी होती. समोरचे दात एका रेषेत तासलेले. कुंपणाच्या फळ्या कापाव्यात तसे. तयार, पॉलिश केलेली, शनिवारची कवळी.

बाबा खाली जमिनीवरच बसला. "हे बघ," तो म्हणाला, "हिचे मी दुसरे बसवीन. माझ्याकडे डबाभर आहेत. तुझा तासला गेला तर तसा दुसरा माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही."

खारूने पिन खाली ठेवली. "मला नकोच तसा दुसरा."

तेव्हाच दारातून आवाज आला, "झाली का माझी?"

कोणी काही म्हणायच्या आत मास्तरांनी वाडग्यात हात घातला, कवळी झटकली आणि तोंडात बसवली. मग आरशात बघून ते हसले.

त्यांचं सगळं तोंड बदललं. कुणीतरी त्यांच्या ओठांच्या मागे पांढरी पट्टी सरकवली होती. डोळे मास्तरांचे, मिशा मास्तरांच्या, आणि मध्ये एक नवाकोरा फ्रिज.

"कस्ससं दिस्ससतंय?" मास्तरांनी विचारलं. प्रत्येक 'स'ला शिट्टी. बाहेर एक कुत्रं उठून उभं राहिलं.

खारू बघत राहिली.

"बायकोला दाखवून येतो," म्हणून मास्तर निघाले. बाबा "अहो मास्तर, थांबा" म्हणेपर्यंत गेलेसुद्धा. परत आले तेव्हा कवळी हातात होती.

"दार उघडलं आणि मला म्हणाली, आमचे हे घरी नाहीत, नंतर या."

खारूच्या नाकातून फुस्स झालं. हात तोंडावर गेला, पण यावेळी जरा उशिरा गेला.

"काका, सॉरी," ती म्हणाली. "ते मी केलं. एकदम सरळ केले. फोटोत असतात तसे."

मास्तर दुसऱ्या स्टुलावर बसले. रागावले नाहीत, पण गोंधळले. "अगं, फोटोला काय, वाजवायचं नसतं. मला वाजवायचंय. मला आपले ते साधे दात द्या. आमच्या शेजारच्या आजीला दिलेत ना, तसे. ती हसली की आपल्यालाही हसावंसं वाटतं."

"कोणती आजी?" बाबाने विचारलं. त्याला कवळीचा आकार ध्यानात राहायचा, माणूस नाही.

मास्तरांना उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, कारण बाबाचा फोन वाजला. डॉक्टरीण होती. ती नेहमी शांत बोलायची. आज तशी बोलली नाही.

"काका, तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

"काय झालं डॉक्टर?"

"मी माझ्या पानावर पेशंट लोकांचे फोटो टाकले. त्यांना विचारून. चेहरे नाहीत, नुसती हसणारी तोंडं. नऊ जणांची. वर लिहिलं, आमचे समाधानी पेशंट. आणि खाली लोक विचारतायत की एकाच माणसाचे नऊ फोटो का टाकलेत!"

"असं कसं होईल?"

"एकीने लिहिलंय, या नऊ भावंडांच्या आईला नमस्कार सांगा. तुम्हीच बघा!"

बाबाला कुठे बघायचं ते माहीत नव्हतं. त्याने खारूकडे बघितलं. खारूने आपला फोन उचलला, प्लास्टरची पूड फुंकून काढली आणि डॉक्टरणीचं पान शोधलं. तिघंही डोकं घालून बघू लागले.

नऊ तोंडं. मिशीवाली, सुरकुत्यांची, लिपस्टिकवाली, पांढऱ्या दाढीची. आणि नऊच्या नऊ तोंडांत पुढचा डावा दात उजव्यावर किंचित चढून बसलेला.

खारूने जीभ स्वतःच्या दातावरून फिरवली. मग ती किंचाळली, "बाबा! तू माझा दात सगळ्या म्हाताऱ्यांना लावलास?"

बाबाने तोंडं पुन्हा एकदा मोजल्यासारखी बघितली. त्याला खरंच माहीत नव्हतं. पूर्वी तो मेणात दात बसवायचा तेव्हा बायको मागून यायची, जबडा हातात घेऊन लांब धरायची आणि निकाल द्यायची. "हा माणूस भांडखोर आहे." "ही बाई मनात एक, ओठांवर एक." एखादा फारच सरळ झाला की म्हणायची, "हे दात खोटं बोलतायत," आणि नखाने एक दात जरासा ढकलायची. मग कवळी पास. ती गेल्यावर निकाल द्यायला कुणी नव्हतं. बाबा एकटाच रेडिओ लावून बसायचा आणि हात आपले काम करायचे. ते काय करत होते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तुझा नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईचा. तुझ्याकडे तिच्याकडून आलाय."

खारूने फोन जवळ घेतला आणि पांढऱ्या दाढीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"म्हणजे किराणावाले आजोबा..."

"बहुतेक."

"आणि टपालातल्या त्या रागीट बाई, त्या आपल्या आईसारख्या हसतात?"

"हसत असतील तर."

मास्तर म्हणाले, "मला तीच द्या हो. सगळ्यांना दिलीत, मी काय पाप केलं?"

त्या संध्याकाळी बाबाने मास्तरांची कवळी पुन्हा मेणात बसवायला घेतली आणि खारू समोर बसली. फोन दोघांच्या मध्ये टेबलावर होता. पोत्यात नव्हता आणि खोलीतही नव्हता.

"मला ते दाखवशील?" बाबाने विचारलं. "तुझा तो व्हिडिओ."

"तू बघितला नाहीस?"

"नाही ना. कुणी दाखवलाच नाही. तूही फक्त ती परकी मुलगी दाखवलीस."

"ती परकी मुलगी मीच होते, बाबा. ॲपने सुंदर केलेली."

"ते मला नंतर कळलं. चष्म्याचा दोष नाही, मी तुला तशी कधी बघितलीच नाही."

खारूने आधी फोनवर ते चित्र दाखवलं. थांबवलेलं, आ वासलेलं, शेजारी खार.

"हे नको," बाबा म्हणाला. "मूळ व्हिडिओ लाव. चालू कर."

"मी चालू करून कधी बघितलंच नाही."

"मग दोघं बघू."

तिने व्हिडिओ लावला, त्याच जागेपासून चालू केला. चित्र हललं, आणि ते आ वासलेलं तोंड पुढच्याच क्षणी हसू झालं. ती हसली, वाकली, कमरेवर हात ठेवून परत हसली. राजाचा मुकुट पडला. राजा स्वतःच हसायला लागला, मग ते हसू सैनिकांना लागलं, आणि व्हिडिओ काढणाऱ्या मुलीचा हात इतका हलला की शेवटी नुसतं छत दिसत राहिलं आणि मागून हसू ऐकू येत राहिलं.

बाबाने डोळे पुसले. तो हसत होता. "परत लाव."

त्यांनी परत लावला. मग बाबा म्हणाला, मध्येच थांबव, कुठेही. त्यांनी राजा थांबवला, तर त्याचा एक डोळा मिटलेला आणि जीभ बाहेर. नाटकाच्या बाई थांबवल्या, तर त्या शिंकताना सापडल्या. मग खारूने बाबालाच जांभई देताना टिपलं आणि त्यात तो हुबेहूब पाणघोडा दिसला. शेवटी तिने सुंदर करणारं ते ॲप उघडून बाबाच्या टकलावर लावलं. ॲपला बराच वेळ चेहरा सापडेना. मग त्याने बाबाच्या टकलालाच चेहरा समजून गुलाबी गाल काढले.

खारूच्या नाकातून फुस्स झालं, मग अजून एक. पण तोंड उघडलं नाही.

"शनिवारी जाशील?" बाबाने मेणाकडे बघतच विचारलं.

"जाईन. हसेन की नाही, माहीत नाही."

"चालेल. नाही हसलीस तरी मी घरीच घेऊन येणार आहे. परत देण्याची पावती नाही माझ्याकडे."

शनिवारी शाळेचं सभागृह भरलं. बाबा कडेला उभा होता. पुढच्या रांगेकडे बघून तो चाट पडला. मास्तरांनी डॉक्टरणीच्या पानावरची मंडळी गोळा करून आणली होती. किराणावाले आजोबा, टपालातल्या रागीट बाई, शेजारची आजी, सगळे. कारण विचारलं तर मास्तर म्हणाले, "आमचं आता घराणं झालंय." ते स्वतः रंगमंचाच्या कोपऱ्यात ट्रम्पेट घेऊन बसले होते, तोंडात घाईघाईने तयार झालेली नवी कवळी. बाबाने ती सकाळीच हातात दिली होती आणि बजावलं होतं, आज जोरात फुंकू नका.

मास्तरांनी जोरात फुंकलं.

राक्षसीण आली. काळा झगा, झाडूच्या काड्यांचे केस. ती मध्यभागी आली, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं, आणि तिला समोर अंधारात वर धरलेले फोन दिसले. एक, दोन, सगळी भिंतच. तिचा हात कमरेवरून सुटला आणि तोंडाकडे निघाला.

राजा वाट बघत होता. सैनिक वाट बघत होते. बाईंनी विंगेतून मास्तरांना खूण केली, परत वाजवा, वेळ काढा. मास्तरांनी छाती भरून घेतली आणि सगळ्या जन्माचा दम एका फुंकरीत लावला.

ट्रम्पेट वाजलं नाही. कवळी सुटली. ती ट्रम्पेटवर आपटली, टणकन उडाली, दिव्यांच्या उजेडात चमकत मोठी झेप घेऊन राक्षसिणीच्या पायाशी येऊन पडली आणि दात वर करून थांबली. राजा घाबरला आणि त्याचा मुकुट कुणी हसायच्या आधीच पडला.

सगळीकडे चिडीचूप झालं.

खारूने खाली बघितलं. पायाशी कवळी. पुढचा डावा दात उजव्यावर चढलेला. तिने वर बघितलं. पहिल्या रांगेत टपालातल्या रागीट बाईंना हसू आवरेना, त्यांनी तोंड उघडलं. मग किराणावाले आजोबा, मग आजी, आणि बघता बघता सगळी रांग एकाच तोंडाने हसू लागली.

तोंडाकडे निघालेला हात पोटावर गेला. आणि पोटातून, पहिल्या पायरीवरून, ते हसू खाली यायला निघालं. ती हसली, वाकली, झाडूचे केस सांडले, धाप लागली, आणि परत हसली. फोन सगळे वर होते. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. राजाने कर्तव्य म्हणून मुकुट उचलून डोक्यावर ठेवला आणि पुन्हा पाडला. मग ती खाली बसली, कवळी उचलली, झग्याला पुसली आणि कोपऱ्यात नेऊन मास्तरांच्या हातात दिली. "आधी पाण्यात ठेवा, काका," ती म्हणाली, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. राक्षसीण कवळीवाल्याची मुलगी आहे हे तेव्हा ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

बाबा कडेला उभा राहून नाक शिंकरत होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "सर्दी?" बाबा म्हणाला, "प्लास्टरची पूड."

दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. खारूने तो स्वतःच मध्ये थांबवला आणि फोन बाबापुढे धरला. मागे आ वासलेली राक्षसीण, पुढे हवेत उडती कवळी. दोन्हींना दात तेच.

"ओळख," ती म्हणाली.

"पुढची माझी. ढिली बसली होती, माझीच चूक."

"आणि मागची?"

"मागचीही माझीच."

"लोकांनी परत खारीचे फोटो टाकलेत खाली," ती म्हणाली. थोडा वेळ बोटाने वर-खाली करत राहिली. चेहरा पडला, मग सावरला. "दोन-तीन वाईट आहेत."

"ते वाच मला. मोठ्याने."

तिने वाचले. मोठ्याने वाचल्यावर ते जरा बावळटच वाटले, आणि एकात तर शिवीच चुकीची लिहिली होती. मग तिने फोन उलटा ठेवला आणि बाबाच्या हाताखाली काय चाललंय ते बघू लागली.

टेबलावर पुढचं काम होतं. डॉक्टरणीने बजावलं होतं, काका, यावेळी कृपा करून सरळ दात. बाबाने मान डोलावली होती आणि सरळ बसवले होते. मेणात, एका ओळीत, पट्टी लावून.

खारूने जबडा उचलला. लांब धरला. एक डोळा मिटला.

"हे दात खोटं बोलतायत," ती म्हणाली.

हे वाक्य तिने कुठून उचललं, ते बाबाने विचारलं नाही. तेव्हा ती लहान होती, टेबलाखाली बसून मेणाची गोळी करायची. ऐकत असणार.

खारूने नख लावलं आणि डावा पुढचा दात जरासा ढकलला.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीण.

"खारू, उचल गं," बाबा म्हणाला. "माझे हात मेणाचे आहेत."

"तूच उचल," खारू दात दाखवून म्हणाली. "मी काही केलेलं नाही."